ऐकू न येणाऱ्या बहिणीचा बँकेला फोन, मधल्या माणसाचा पगार कुणी द्यायचा?

उद्यमनगरचा_टर्नर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. माझी थोरली बहीण, आक्का, तिला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता पण येत नाही. मंगळवार पेठेत घरातच फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते, स्वतःचं कमावते, स्वतःचं बँक खातं, स्वतःचा स्मार्टफोन, मैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर तासतास खुणांनी गप्पा चालतात, त्यात तिला आमची कुणाची गरज लागत नाही. गेल्या महिन्यात तिचं एटीएम कार्ड ब्लॉक झालं. कस्टमर केअरला मी फोन लावला, सगळं सांगितलं, तर पलीकडची पोरगी म्हणते सर खातेदाराशीच बोलावं लागेल. म्हटलं ताई खातेदाराला ऐकूच येत नाही. ती म्हणते हो सर, पण त्यांच्याकडं फोन द्या. आता काय बोलायचं ह्यावर. दिला. आक्कानं फोन कानाला लावला, माझ्याकडं बघितलं आणि फिस्सकन हसली. पलीकडनं "व्हेरिफिकेशन फेल झालंय सर".

शेवटी काय केलं, बायकोला आक्का बनवलं. जन्मतारीख, आईचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, बायकोनं घडाघडा सांगितले आणि दोन मिनिटात काम फत्ते. म्हणजे मी खरं सांगत होतो तर हाकलून लावलं आणि तोतयाला व्हेरिफाय केलं. काम झालं पण डोक्यातनं जाईना, उद्या कुणी दुसऱ्याच बाईनं असा फोन केला तर?

तर प्रश्न असा की अमेरिकेत म्हणे अशा लोकांसाठी फोनच्या मध्ये एक माणूस बसवलेला असतो, हा टाइप करतो किंवा खुणा करतो, तो पुढच्याला बोलून दाखवतो, आणि पैसे सरकार देतं. खरंच असं आहे का? पैसे नेमके कुणाच्या खिशातनं जातात? आपल्याकडं करायचं झालं तर कुठनं आणायचे? आमचा मालक म्हणतोय व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर कशाला पाहिजे असली थेरं.

शिवाजीपेठ_ते_न्यूजर्सी
खरं आहे भावा. इथं त्याला रिले सर्व्हिस म्हणतात. १९९० ला दिव्यांगांच्या हक्काचा मोठा कायदा झाला, त्यातला एक आख्खा भाग फक्त टेलिफोनवर आहे. फोन कंपन्यांना सांगितलं तीन वर्षात देशभर सोय करा, त्याप्रमाणं जुलै १९९३ पासून चालू. ७११ डायल केलं की मधला माणूस लाइनवर. आधी टाइपरायटरसारखं मशीन होतं, हा टाइप करणार, मधला वाचून दाखवणार, आता व्हिडिओवर खुणांनी चालतं. बोलणं अडखळतं, नीट कळत नाही अशा लोकांसाठी पण वेगळी सोय आहे, तिथला माणूस ते बोलणं ऐकून स्पष्ट करून पुढं सांगतो.

आता पैशाचं. सरकारच्या तिजोरीतनं थेट जात नाहीत. फोन कंपन्यांनी आपल्या कमाईतला ठरलेला हिस्सा एका फंडात भरायचा, त्या फंडातनं रिले चालवणाऱ्यांना मिनिटावर पैसे. कंपन्या काय खिशातनं देतात होय, गिऱ्हाइकाच्या बिलातनंच काढून घेतात. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात, देतो मीच. पण महिन्याच्या बिलात ते कुठं आहे हे शोधावं लागतं इतकं बारीक असतं. राज्यांचं परत वेगळं, कॅलिफोर्नियात बिलावर छोटा आकार लावतात आणि त्यातनं ऐकायला कमी येणाऱ्यांना मोठ्या आवाजाचे, लाइट लागणारे फोन फुकट देतात.

एक गंमत सांगतो. आमच्या ऑफिसात एक बहिरा सहकारी आहे. मी नवीन असताना त्याचा असा फोन आला, बाईचा आवाज, "मी इंटरप्रिटर अमुक नंबर". मला वाटलं फ्रॉड आहे, कट केला. परत आला, परत कट. तिसऱ्या वेळी तो स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. कायदा, फंड सगळं झालं तरी पुढच्यानं फोन कापला तर काय उपयोग, हे त्या दिवशी कळलं मला.

साधा_हिशेब
वाईट वाटून घेऊ नका पण विचारतोच. ज्याला गरज आहे त्यानं पैसे भरावेत की. मिनिटावर पैसे मिळतात म्हटल्यावर तिथं घोटाळा होणारच, आपल्याकडं तर हमखास. आणि आता मेसेज, मेल, चॅट सगळं आहे. माणूस बसवायचा म्हणजे पगार, शिफ्ट, ऑफिस, हा खर्च आमच्या रिचार्जमधनं का म्हणून? रिचार्ज आधीच काय कमी वाढलेत का.

शिवाजीपेठ_ते_न्यूजर्सी
घोटाळ्याचं बरोबर बोललात, झालाय. २००९ ला इथं व्हिडिओ रिलेच्या घोटाळ्यात २६ जणांवर गुन्हे दाखल झाले. बहिऱ्या लोकांनाच पैसे देऊन उगाच फोन करायला लावायचे आणि मिनिटं वाढवून फंडातनं उकळायचे. त्यानंतर नियम आवळले, सेवा बंद नाही केली. कॅनडावाल्यांनी २०१६ ला व्हिडिओ रिले सुरू केली तेव्हा वर्षाला जास्तीत जास्त ३ कोटी डॉलर एवढंच द्यायचं असं आधीच ठरवून टाकलं होतं, पैसे तिथं पण फोन कंपन्यांच्याच वर्गणीतले. रेशनमध्ये पण काळाबाजार होतो म्हणून रेशन बंद करतो का आपण.

जुना_लाइनमन
टेलिफोन खात्यात आख्खी नोकरी गेली, त्या जोरावर चार शब्द टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही पोरं जे अमेरिकेचं सांगताय ते मी कोल्हापुरात बघितलंय. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचा जमाना आठवतोय का, बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं. स्टँडच्या बाजूला आमच्या लाइनवरचा एक बूथ होता, चालवणाऱ्याचे दोन्ही पाय पोलिओनं गेलेले, लाकडी स्टुलावर बसायचा, रिसीव्हरला सेंटची कापसाची बोळी बांधलेली, वर्षाचं कॅलेंडर, लाल आकड्यांचं मीटर. तिथं एका फौंड्रीतला एक बहिरा कामगार दर आठवड्याला यायचा. खिशातनं चिठ्ठी काढायचा. गावाकडच्या वाण्याच्या दुकानाचा नंबर, खाली मजकूर, आईची तब्येत कशी, पैसे पोचले का, गाभण म्हैस व्याली का. बूथवाला नंबर लावायचा, वाण्याकडनं ह्याच्या भावाला बोलवून घ्यायचा, चिठ्ठी वाचायचा, आणि पलीकडचं उत्तर जुन्या मीटर स्लिपच्या पाठीवर खरडून काचेला लावायचा. तो गडी वाचायचा आणि परत खाली लिहायचा. एकदा मी लाइनचा फॉल्ट काढायला गेलेलो, अर्धा तास हे बघत बसलो. म्हैस व्यालेली, रेडी झालेली. गडी बूथमध्येच टाळ्या पिटायला लागला.

पण हिशेबवाल्यांनी मीटरकडं बघावं. दोघं बोलले असते तर तीन मिनिटात आटोपलं असतं, चिठ्ठीनं नऊ-दहा मिनिटं लागायची, मीटर काय थांबत नव्हतं. म्हणून तो गडी रात्री अकरानंतर यायचा, त्या वेळी एसटीडीचा दर पाव व्हायचा. बूथवाल्यानं लिहिण्याचे पैसे कधी घेतले नाहीत, पण मीटरचे घ्यावेच लागायचे, खात्याला भरायचे असायचे. ज्याला ऐकू येत नाही त्यालाच त्याच निरोपाचे तिप्पट पैसे. मला त्या वेळी हे खटकलं होतं, पण मी लाइनमन, सांगणार कुणाला. अंध ग्राहकांना टेलिफोनच्या भाड्यात सवलत होती. बहिऱ्याला कसली सवलत देणार, तो फोन घेतच नव्हता, मग कागदोपत्री त्याची अडचणच नाही.

मोबाइल आले, बूथ गेले. बूथवाल्याचा धंदा बसला आणि त्या गड्याचा मधला माणूस पण गेला.

शिवाजीपेठ_ते_न्यूजर्सी
काका दंडवत. तुम्ही मीटरचं जे सांगितलं ना, अमेरिकेच्या त्या १९९० च्या कायद्यात तेच कलम आहे, रिलेनं फोन करणाऱ्याकडनं साध्या फोनपेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत म्हणून.

खुणांची_बोली
मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे, कोल्हापूर-सांगली भागात काम करते. सगळं वाचलं. टर्नरदादा, तुमच्या बायकोनं केलं तसं निम्म्या कर्णबधिर घरात रोज चाललेलं असतं, बहीण-भाऊ-आई सगळे आवाजाचे तोतये.

व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तर आधी देते कारण हे मला आठवड्याला चारदा ऐकायला लागतं. व्हॉट्सअ‍ॅपनं कर्णबधिर ते कर्णबधिर बोलणं सोडवलं, खरंच सोडवलं, तो मोठा बदल आहे. पण बँक, दवाखान्याचं अपॉइंटमेंट, गॅस एजन्सी, दारात आलेला डिलिव्हरीवाला, पोरांच्या शाळेतल्या बाई, हे सगळे आवाजावरच चालतात. दुसरं म्हणजे लिहून विचारा म्हणणाऱ्यांना वाटतं की लिहिता येणं म्हणजे सगळं आलं. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याला मराठी ही शिकलेली भाषा आहे, त्यात बँकेची मराठी, ती तर आपल्याला तरी कुठं कळते. "आपले खाते निष्क्रिय करण्यात आले आहे" ह्याचा अर्थ मी खुणांनी सांगितला तेव्हा एक पन्नाशीचे गृहस्थ म्हणाले, मग सरळ बंद पडलंय म्हणा की.

रात्री साडेअकराला मला व्हिडिओ कॉल येतात. बाळाला ताप आहे, डॉक्टरला फोन लाव. मी एका मोबाइलवर त्यांना बघते, दुसऱ्यावर डॉक्टरांशी बोलते, नवऱ्यानं स्टँडला लावून दिलंय दोन्ही. बोलताना "त्या म्हणतायत की" असं म्हणायचं नाही, सरळ "माझ्या बाळाला ताप आहे" असंच बोलायचं, आणि मागं कुत्रं भुंकलं तरी ते पण खुणेनं सांगायचं, कारण ऐकणाऱ्याला ते ऐकू येतं. फोन संपला की ऐकलेलं सगळं विसरायचं. पैसे? कुणाकडं मागू, बाळाच्या आईकडं? माझा जीव किती पुरणार, मी पण झोपते कधीतरी. एका रात्री मी फोन सायलेंटवर टाकला होता, सकाळी सात मिस्ड कॉल, एकाच घरातले. अजून बोचतं ते.

आता पैसे कुठनं, साधा हिशेबवाल्यांसाठी. तुमच्या रिचार्जमधनं आधीच जातायत. टेलिकॉम कंपन्या त्यांच्या समायोजित महसुलाच्या, म्हणजे ठरलेल्या वजावटी जाऊन उरलेल्या कमाईच्या, ५ टक्के सरकारी फंडात भरतात, २००२ पासून. आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यानं नाव झालं डिजिटल भारत निधी. जिथं टॉवर परवडत नाही अशा गावात फोन पोचवायला हा पैसा. आणि २०२४ च्या नियमांत तर महिला, दिव्यांग, दुर्बल घटक ह्यांचा उल्लेख पण केलाय. म्हणजे नवीन कर लावा असं कुणी म्हणतच नाहीये. डोंगरातल्या गावाला रेंज द्यायला आपण सगळे पैसे भरतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की गरज त्यांना आहे त्यांनीच टॉवर बांधावा. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण असलेले ५० लाखांवर लोक मोजलेत, त्यांच्या हातात रेंज आहे आणि आवाज नाही, एवढाच फरक.

अडचण पैशापेक्षा माणसांची आहे असं माझं मत. दुभाषी तयार व्हायला वर्षं लागतात आणि आपल्यात टिकतं कोण, मानधनावर. दिल्लीत २०१५ ला भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था झाली, दहा हजार शब्दांचा कोश केला, चांगलं काम आहे. पण रात्री साडेअकराला फोन उचलायला कोश येत नाही.

आणि दादा, तुमच्यापुरतं सांगते. परत असं झालं तर फोनवर भांडू नका. शाखेत लेखी अर्ज द्या, आक्काच्या सहीनं, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स जोडून, पोच घ्या. तीस दिवसात उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार जाते, पैसे लागत नाहीत. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं पण जाता येतं. सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिलाय, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या एका ताईंच्या केसमध्ये, केवायसीला डोळे मिचकवा म्हणत होते आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. कोर्ट म्हणालं डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा, मॅनेजर खुर्चीत सरळ बसतो.

शिरोली_पुलाची
आमच्या वडिलांचं कुणीच बोलत नाही म्हणून मधेच घुसते. तीस वर्षं फौंड्रीत, कान गेले. खुणांची भाषा त्यांना येत नाही, पंच्याहत्तराव्या वर्षी शिकणार पण नाहीत. बोलायला खणखणीत, ऐकायला शून्य. फोन घेतात, आपलं सगळं बोलून घेतात आणि ठेवून देतात, नातेवाइकांना वाटतं अण्णा रागावलेत. अमेरिकेत म्हणे फोनवर पलीकडचं बोलणं लिहून दाखवतात, ते आम्हाला पाहिजे. तोवर आमचा जुगाड, एक फोन स्पीकरवर आणि शेजारी दुसऱ्या फोनवर गूगलचं बोलणं लिहून दाखवणारं अ‍ॅप, मराठी निवडून. पुण्याच्या आत्याचं बरं उतरतं. कागलच्या काकांनी "काय करालाईस रं" म्हटलं की त्याच्या बापाला पण कळत नाही, कायतरी "कराची" बिराची लिहितं. अण्णा विचारत बसले कराचीला कोण गेलंय.

पंचगंगेच्या_काठचा
२०१९ चा पूर, आमचं गाव चिखलीच्या बाजूला. इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि त्या वर्षी पाणी ५५ च्या वर. गाव सोडा म्हणून स्पीकरवरनं पुकारत होते, ज्याला त्याला फोन चालले होते. आमच्या गल्लीतलं एक म्हातारं जोडपं, दोघं पण बहिरे. पोरगं मुंबईला, फोन करून करून थकलं, फोन इकडं वाजतोय पण उचलणार कोण. शेवटी त्यानं मला फोन केला, मी कमरेएवढ्या पाण्यातनं गेलो तर दोघं माळ्यावर धान्याची पोती चढवत होते, वाटलं दरवर्षीसारखं उंबऱ्यापर्यंत येऊन जाईल. इंग्लंडात म्हणे खुणांच्या भाषेत इमर्जन्सीला व्हिडिओ कॉल लागतो, २०२२ पासून. आपल्याकडं ११२ चं अ‍ॅप आहे, बटण दाबलं की लोकेशन जातं, ते तरी घरोघरी टाकून द्या. पण ते त्यांनी मदत मागायला झालं. त्यांना कळवायचं कसं, ते कोण बघणार.

साधा_हिशेब
फंडाचं माहीत नव्हतं. ५ टक्के आधीच घेतायत तर मग माझा रिचार्जचा मुद्दा मागं घेतो. तरीपण मिनिटावर पैसे देऊ नका, पगारी माणसं ठेवा, नाहीतर लिहून घ्या घोटाळा होणार. आणि दिल्लीची वाट का बघायची, महापालिका, ग्रामपंचायती सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे आहेत ना, आमच्या वॉर्डात तर ते वर्षअखेरीला कायतरी वाटप करून संपवतात. त्यातनं जिल्ह्याला चार दुभाषी पाळीपाळीनं बसवले तर?

खुणांची_बोली
चार म्हणजे चैन झाली, दोन द्या. रात्रपाळी मी करते.

जुना_लाइनमन
एक्स्चेंजमध्ये आमच्या ट्रंक ऑपरेटर बायका अशाच पाळीत बसायच्या, दोन्ही कानाला हेडफोन, पेन्सिल खोचलेली. जागा अजून असंल.

उद्यमनगरचा_टर्नर
सगळ्यांचे आभार. आक्काला हा धागा दाखवला, तिनं सगळा वाचला, लाइनमन काकांचं म्हशीचं दोनदा वाचलं. आता स्वतःच लिहिते म्हणतेय, तिला अकाउंट काढून दिलंय.

फॉल_पिको
मी आक्का. माझं मराठी थोडं चुकेल.

भाऊ चांगला आहे. वहिनी पण चांगली. पण त्या दिवशी बँकेच्या बाईनं फोनवर बॅलन्स सांगितला. वहिनीनं ऐकला. भावानं ऐकला, स्पीकर होता. मी ऐकला नाही. माझे पैसे, मला सर्वांत शेवटी कळले.

मी दोन वर्षं भिशी लावली. कुणाला सांगितलं नव्हतं. आता रोज जेवताना भाऊ खुणेनं विचारतो एवढे पैसे कशाला. शेजारच्या काकू पण विचारतात. काकूंना कुणी सांगितलं?

दुभाषी ताई लिहितात फोन संपला की विसरायचं. मला ते आवडलं. माझ्या घरात कुणी विसरत नाही.

अर्ज मी लिहिला आहे. सोमवारी शाखेत देणार, एकटी जाणार. ताई, एकदा वाचून चुका सांगा.

उद्यमनगरचा_टर्नर
आक्का काकूंना मी नाही सांगितलं, आईनं सांगितलं असेल. आणि मी आपलं गमतीनं विचारत होतो.

फॉल_पिको
स्कूटर घेणार आहे. आता सगळ्यांना कळलं. परत विचारू नको.